केसरीचे मंगळवार

सोमवार, ३ जानेवारी १८८१ ची रात्र. पुण्याच्या बुधवार पेठेत मोरोबादादांच्या वाड्यापाशी तुम्ही उभे आहात. दिंडी दरवाजातून आत शिरलात की आधी वास येतो, जवसाच्या तेलाचा आणि काजळीचा. छपाईची शाई या दोन्हींचीच बनते. इथे आर्यभूषण छापखाना आहे. उद्या, मंगळवारी, या छापखान्यातून एका नव्या साप्ताहिकाचा पहिला अंक बाहेर पडणार आहे. त्याचे नाव 'केसरी'. त्याचे इंग्रजी भावंड 'मराठा' कालच निघाले आहे.

जुळाऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. त्याच्यासमोर लाकडी खणांची उतरंड आहे आणि प्रत्येक खणात शिशाचे खिळे. मराठीला सव्वीस अक्षरांवर भागत नाही. काना, वेलांटी, मात्रा, रफार, जोडाक्षरे, सगळ्यांची सोय वेगळी करावी लागते. जुळारी खणांकडे बघतसुद्धा नाही. त्याची नजर हस्तलिखितावर आणि बोटे खिळ्यांवर. डाव्या हातातल्या पट्टीत ओळ उभी राहते तीही उलटी, आरशात दिसावी तशी, आणि तो ती सरळ ओळीइतक्याच सहज वाचतो. एखादा खिळा उलटा बसला तर चिमट्याने उचलून नीट लावतो. पानभर मजकूर असा एकेक खिळा वेचून उभा राहतो. या कामात घाई चालत नाही, आणि उद्याची वेळही टळत नाही.

पलीकडे बोलत बसलेली माणसे पाहा. विष्णुशास्त्री चिपळूणकर तिशीचे. सरकारी नोकरी सोडून आलेले, मराठी गद्याला धार लावणारे. गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक दोघेही चोवीस वर्षांचे. वर्षभरापूर्वी सुरू झालेली न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा हीच मंडळी चालवतात. छापखान्याचे सामान या वाड्यात आणताना त्यांनी खिळ्यांच्या पेट्या स्वतःच्या खांद्यावरून वाहिल्या, असे चरित्रकार सांगतात. हमालीला पैसे नव्हते आणि कष्टांची लाज नव्हती.

त्यांना माहीत असलेली एक गोष्ट तुम्हीही ध्यानात ठेवा. लॉर्ड लिटनचा १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा अजून लागू आहे. इंग्रजी पत्रांना तो लागू नाही, देशी भाषांतल्या पत्रांना मात्र आहे. सरकारला मजकूर खटकला तर जामीन मागता येतो, छापखाना जप्त करता येतो. अशा काळात ही मंडळी वाचकांना सांगताहेत की रस्त्यावरचे दिवे आणि पोलिसांची गस्त यांचा जो उपयोग, तोच वर्तमानपत्राच्या चालत्या लेखणीचा. म्हणजे अंमलदारांवर नजर ठेवणे हे काम त्यांनी पहिल्या दिवसापासून अंगावर घेतले आहे.

वर्तमानपत्राला वजन येते ते कशाने, हे पाहण्यासाठी तुम्ही इथे आला आहात. आता पावणेदोन वर्षे पुढे चला.

२६ ऑक्टोबर १८८२. मुंबईतल्या डोंगरीच्या तुरुंगाच्या दारात गर्दी आहे. आगरकर आणि टिळक आज सुटणार आहेत. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याचा मजकूर दोन्ही पत्रांनी छापला. कारभारी माधवराव बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला. ज्या पत्रव्यवहाराच्या आधारावर मजकूर छापला होता तो बनावट निघाला. चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यातले १०१ दिवस भोगून हे दोघे बाहेर येताहेत. आगरकर पुढे या दिवसांवर पुस्तकच लिहितील.

त्या तुरुंगात दोघे रात्र रात्र वाद घालत: आधी समाज सुधारायचा की आधी स्वराज्य मिळवायचे? त्या वादातून पुढे दोन वाटा फुटतील. पण गर्दीत उभे असताना आणखी एक गोष्ट विसरू नका. खटल्याच्या वेळी या दोघांना दहा हजारांचा जामीन हवा होता. तो रामशेठ उरवणे यांनी भरला. ते जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी. केसरीच्या मंडळींशी फुल्यांचे विचार जुळत नव्हते, तरीही छापल्याबद्दल माणसे तुरुंगात जाणार म्हटल्यावर मदत फुल्यांच्या गोटातून आली. या प्रवासात शेवटी तुम्हाला ती आठवावी लागेल.

मधली वर्षे भराभर ओलांडा. १८८७ मध्ये आगरकर केसरी सोडतात, टिळक संपादक होतात. पुढच्या वर्षी आगरकरांचा 'सुधारक' निघतो. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा येतो. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करायचे, एवढीच त्याची मागणी. केसरी त्याच्या विरोधात उभा राहतो. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा त्याचा मुद्दा. आगरकर बाजूने लिहितात आणि पुण्यात शिव्याशाप खातात. आज तुमच्या घरात बारा वर्षांची मुलगी असेल, तर आगरकर बरोबर होते हे तुम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

१८९७ चा उन्हाळा. आता सावध राहा, पुण्यात प्लेगची साथ आहे. अर्धे शहर गाव सोडून गेले आहे. डब्ल्यू. सी. रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे शिपाई घरात शिरून झडत्या घेतात, देवघरापर्यंत जातात, आजारी माणसांना उचलून नेतात, सामान रस्त्यावर आणून जाळतात. टिळक शहर सोडत नाहीत. प्लेगच्या रुग्णांसाठी हिंदूंचे इस्पितळ काढण्यात ते पुढे आहेत, आणि दर मंगळवारी केसरी झडत्यांवर लिहितो आहे.

शहराबाहेर पडा आणि घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावाच्या पारावर जाऊन बसा. टपालाने केसरी आला आहे. अंक एक आणि कान पंचवीस. शाळामास्तर किंवा कुलकर्णी मोठ्याने वाचतो. ज्यांना अक्षर येत नाही ते मध्येच थांबवून 'पुन्हा वाचा' म्हणतात. कोणी चिलीम भरतो, कोणी लेकराला मांडीवर घेतो, वाचन चालूच राहते. केसरीची ताकद खपाच्या आकड्यातून कळत नाही, ती या पारावर कळते. लांब, गुंतागुंतीचा राजकीय मुद्दा अशा ठसठशीत मराठीत मांडलेला असतो की ऐकणाऱ्यालाही तो दुसऱ्याला सांगता यावा.

२२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधू रँडवर गोळी झाडतात. सरकार पुण्यावर खवळते. ६ जुलैच्या मंगळवारी केसरीचा अग्रलेख विचारतो, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा मथळा पारावर वाचला जातो तेव्हा क्षणभर कोणी बोलत नाही. सरकारला असे विचारता येते हेच त्या गावाला नवे आहे.

त्याच महिन्याच्या २७ तारखेला टिळकांना अटक होते. खटला १५ जूनच्या अंकावर उभा राहतो. शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेले एक काव्य आणि शिवराज्याभिषेकोत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत, हा तो मजकूर. कलम १२४-अ, राजद्रोह. १४ सप्टेंबरला तुम्ही मुंबई हायकोर्टात आहात, आणि तोही मंगळवारच. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियन दोषी म्हणतात, तीन हिंदी निर्दोष म्हणतात. मुद्रक केशव महादेव बाळ सुटतात. न्यायमूर्ती स्ट्रॅची टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी देतात. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे की हे कलम इंग्रज गेल्यावरही पाऊणशे वर्षे टिकेल. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय त्याचा वापर थांबवायला सांगेल.

शिक्षेतून सुटल्यावर, जुलै १८९९ मध्ये टिळक केसरीची सूत्रे पुन्हा हाती घेतात. त्या पहिल्या अग्रलेखाचा मथळा आहे 'पुनश्च हरिः ॐ'. तक्रार नाही, गाऱ्हाणे नाही. काम जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू.

आता २२ जुलै १९०८. पुन्हा तेच हायकोर्ट, पण रात्रीचे. दिवे लागले आहेत, बाहेर कडक बंदोबस्त आहे. एप्रिलअखेर मुझफ्फरपूरला बाँब पडला आणि दोन इंग्रज स्त्रिया मारल्या गेल्या. त्यावर केसरीने लिहिले. बाँबचे समर्थन त्यात नव्हते. माणसे या टोकाला का जातात याचे उत्तर दडपशाहीत शोधा, लोकांना हक्क द्या, असा त्याचा आशय होता. १२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या दोन अग्रलेखांवर खटला चालला आहे.

आरोपीच्या पिंजऱ्यात पगडी आणि उपरणे घातलेले, बावन्न वर्षे पूर्ण होण्याच्या उंबरठ्यावरचे टिळक आहेत. वकील न देता त्यांनी स्वतःच युक्तिवाद केला. तो सहा दिवसांत मिळून एकवीस तासांहून अधिक चालला. न्यायासनावर न्यायमूर्ती दिनशा दावर आहेत. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी बाजू मांडणारे वकील तेच होते. ज्युरी सात विरुद्ध दोन असा निकाल देते. सातही युरोपियन दोषी म्हणतात, दोन्ही हिंदी निर्दोष म्हणतात. शिक्षेपूर्वी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावर टिळक शांतपणे सांगतात की ज्युरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे. या न्यायालयाहून मोठी शक्ती आहे, आणि माझ्या मोकळे राहण्यापेक्षा माझ्या सोसण्यानेच माझे कार्य पुढे जावे अशी तिची इच्छा असेल. त्यांचे ते उद्गार आज त्याच दालनाबाहेर संगमरवरात कोरलेले आहेत. शिक्षा होते सहा वर्षांची हद्दपारी आणि हजार रुपये दंड. रात्रीच त्यांना खास गाडीने साबरमतीला हलवतात, तिथून पुढे मंडालेला.

सकाळी गिरणगावात जा. भोंगे वाजताहेत, पण फाटकातून आत कोणी जात नाही. कामगारांनी वर्षाला एक दिवस असा हिशेब धरून सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. रस्त्यावर लष्कर आले, गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे पडली. या कामगारांपैकी कितीतरी जणांना केसरी वाचता येत नव्हता, त्यांनी तो ऐकला होता. दूर युरोपात असलेल्या लेनिननेही या संपाची दखल घेऊन त्याच वर्षी लिहिले. आणि केसरी? तो बंद पडला नाही. सहकाऱ्यांनी सहा वर्षे मंगळवार चुकू दिला नाही.

इथे थांबलात तर प्रवास सोपा होईल. पण आणखी एक थांबा घ्यावाच लागेल.

३१ जानेवारी १९२०, शनिवार. परळमध्ये एका नव्या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला आहे, 'मूकनायक'. काढणारे आहेत भीमराव रामजी आंबेडकर, वय अठ्ठावीस. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली आहे. अंक हातात घ्या. ज्यांना पाणवठ्यावर मज्जाव आहे, ज्यांच्या मुलांना शाळेत बाहेर बसवतात, त्यांचे म्हणणे त्यांच्या बाजूच्या पत्रात छापले जात आहे. या पत्राची जाहिरात पैसे घेऊन छापायलाही केसरीने नकार दिला, असे आंबेडकरांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. टिळक तेव्हा हयात होते.

आता १८८२ चा तो जामीन आठवा. फुल्यांच्या सहकाऱ्याने केसरीसाठी दहा हजारांची हमी घेतली होती. अडतीस वर्षांनी त्याच फुल्यांचा वारसा सांगणाऱ्या माणसाला केसरीत चार ओळींची जागाही विकत मिळाली नाही. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की केसरीची थोरवी कमी होत नाही, पण अपुरी होती हे कळते. ज्या पत्राने सरकारला ठणकावून विचारले, त्याला आपल्याच पेठेबाहेरच्या माणसांचे दुःख छापण्याजोगे वाटले नाही.

परत या. नारायण पेठेत केसरीवाडा आहे आणि केसरी आज दैनिक म्हणून निघतो. खिळे गेले, जुळारी गेले, बातमी आता पारावर पोहोचायला टपालाची वाट बघत नाही. वर्तमानपत्राचे वजन मोजायच्या तागडीची दोन पारडी मात्र तीच आहेत. एकात छापलेले शब्द आणि त्यांच्यापायी संपादकाने सोसलेले. दुसऱ्यात न छापलेले शब्द आणि त्यांच्यापायी इतरांनी सोसलेले. केसरी पहिल्या पारड्यात इतका जड आहे की त्याच्या तोडीचे पत्र देशात विरळाच. दुसऱ्या पारड्यातले त्याचे ओझेही आपण आपले म्हणूनच उचलले पाहिजे.

उद्या सकाळी तुमच्या दारात जे वर्तमानपत्र पडेल, त्यालाही हेच दोन प्रश्न विचारा. हे छापायला याला काय पडले? आणि याने कोणाला छापले नाही? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, कारण वाचकाने विचारणे सोडले की संपादकालाही सोसण्याचे कारण उरत नाही.