गोळ्या मोजल्या, माणसे राहिली

इंग्लंडमध्ये मेथिलफेनिडेटची चिठ्ठी लिहिताना डॉक्टरला गोळ्यांची एकूण संख्या आकड्यातही लिहावी लागते आणि अक्षरातही, बँकेच्या चेकवर रक्कम लिहितात तशी. चिठ्ठी २८ दिवसांत बाद होते, एका वेळी साधारण ३० दिवसांपुरतेच औषध मिळते आणि दुकानदाराला आवक-जावक वहीत टिपून ठेवावी लागते. नशेसाठी गैरवापर होऊ नये म्हणून केलेले हे नियम. त्यांच्यामुळे एडीएचडीवरच्या, म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांवरच्या औषधांचा हिशेब तिथे बरीच वर्षे चोख आहे. २००७ साली मेथिलफेनिडेटच्या ४,२०,००० चिठ्ठ्या निघाल्या आणि २०१२ साली ६,५७,०००, हे सरकारी अहवालात सहज सापडते. निदानासाठी किती माणसे ताटकळत आहेत याचा देशपातळीवरचा अंदाज मात्र एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, प्रथम जाहीर केला तो मे २०२५ मध्ये. त्या मार्चअखेर ५,४९,००० जण रांगेत होते, वर्षभरापूर्वी ४,१६,०००. त्यांतल्या ३,०४,००० जणांना थांबून वर्ष उलटले होते आणि १,४४,००० जणांना दोन वर्षे.

विकार नवा म्हणून मोजणी उशिरा झाली, असे म्हणायला जागा नाही. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनमधल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले ते १९०२ साली. चार्ल्स ब्रॅडलीने अमेरिकेत मुलांना बेंझेड्रीन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले १९३७ साली. मेथिलफेनिडेट १९४४ साली बाझेलच्या सिबा कंपनीत लिआंड्रो पानित्सोनने तयार केले आणि बायकोच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून ते पुढे ‘रिटालिन’ म्हणून बाजारात आले. ब्रिटनमधले मनोविकारतज्ज्ञ बराच काळ निदानाच्या अरुंद व्याख्येला धरून राहिले, त्यामुळे तिथली संख्या अमेरिकेच्या मानाने फारच लहान होती. चित्र पालटले २००८ साली. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ने त्या वर्षी प्रौढांमधला एडीएचडीही मान्य केला. कागदावर दार उघडले, पण आत बसायला डॉक्टर कुठून आणायचे याची तजवीज बहुतेक जिल्ह्यांत झालीच नाही.

मोजणी का झाली नाही याचे उत्तर मला आकडेशास्त्रापेक्षा जबाबदारीच्या वाटपात दिसते. २००४ सालच्या योजनेत ब्रिटिश सरकारने वचन दिले की जीपीने, म्हणजे कुटुंबाच्या डॉक्टरने, तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी दिल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू होतील. मुदत ठेवली २००८ अखेरची. तेव्हापासून गुडघा, मोतीबिंदू, हर्निया यांचे घड्याळ दर महिन्याला जाहीर होऊ लागले. मानसिक आरोग्याच्या बहुतेक सेवा या घड्याळाबाहेर राहिल्या, आणि त्यांच्यासोबत एडीएचडीची तपासणीही. शेजारचेच उदाहरण पाहा. स्वमग्नतेच्या बाबतीत ‘नाइस’ने २०११ साली सांगितले की तीन महिन्यांत तपासणी सुरू व्हावी. मापाला पट्टी मिळाली, आणि २०१९ पासून त्या रांगेचे आकडे प्रसिद्ध होऊ लागले. एडीएचडीला अशी पट्टीच नव्हती. म्हणून संसदेत प्रश्न विचारला की मंत्र्यांचे उत्तर ठरलेले, ‘ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’. मग पत्रकार आणि रुग्णसंघटना माहितीच्या अधिकारात एकेका आरोग्य-ट्रस्टला अर्ज करून ठिगळे जोडत बसत.

न मोजलेल्या रांगेचा खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त सरकारी वहीतून घरच्या वहीत जातो. खाजगी तपासणीला कित्येक शे पौंड, कधी हजाराच्या वर. निदान झाल्यावर औषधाची मात्रा बसवायच्या भेटी वेगळ्या. आणि खाजगी निदान मान्य करून पुढची चिठ्ठी लिहायचीच, अशी सक्ती जीपीवर नाही. तो नाही म्हणाला तर औषधाचा पुरा भाव दरमहा खिशातून, नाहीतर एनएचएसच्या औषधशुल्कात, ९.९० पौंडांत, भागले असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो की हे सगळे फॅड आहे, समाजमाध्यमांवर पाहून लोक रांग लावतात. थोडा भाग खरा असेल. पण इंग्लंडमध्ये निदान झालेले-न झालेले मिळून सुमारे २५ लाख लोकांना एडीएचडी असावा, असा एनएचएसचा अंदाज आहे, आणि २०२३-२४ मध्ये त्यावरचे औषध घेणारे होते पावणेतीन लाखांच्या घरात. अंदाज निम्म्याने चुकला असे धरले तरी अतिरेकाचा आरोप टिकत नाही. शिवाय रांगेतल्या कुणाला एडीएचडी नाही, हे कळण्यासाठीही तपासणीच लागते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुदत लादली की रुग्णालये रोग्याऐवजी घड्याळ सांभाळू लागतात, आणि १८ आठवड्यांच्या काळात ते घडलेही. तरीही त्या लबाड्या उघड झाल्या त्या आकडे जाहीर होत होते म्हणूनच. ज्या रांगेला घड्याळच नव्हते तिच्यातली चालढकल पकडायची कशाने?

मे २०२५ च्या आकड्यांतही एक भोक आहेच. ते निदानापर्यंतच्या प्रतीक्षेचे आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये औषधांचा तुटवडा पडला तेव्हा टंचाई असलेली औषधे नव्या रुग्णांना सुरू करू नका, अशी सूचना देशभर गेली होती. निदान हाती असूनही गोळीसाठी थांबलेल्यांची ही दुसरी रांग त्या पाच लाख एकोणपन्नास हजारांत धरलेली नाही.