स्फुरद आणि स्फटिक : एक ऐतिहासिक टिपण

'स्फुरद' ही संज्ञा 'स्फुर्' या, चमकणे-थरथरणे असा अर्थ असलेल्या धातूशी नाते सांगते. हे मूलद्रव्य हेनिग ब्रांट याने १६६९ मध्ये हॅम्बुर्ग येथे मूत्रापासून मिळविले. त्याच नगरात जुन्या मलसंचयात आढळलेल्या खनिजास उलेक्स याने १८४५ मध्ये 'स्ट्रुव्हाइट' हे नाव दिले. मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट अल्कधर्मी पाण्यात एकत्र आले असता हाच स्फटिक बनतो, आणि तो उत्तम खत होय.

ताथवडे परिसरातील मोटारधंद्यात रंगापूर्वी पत्र्यास फॉस्फेटचा लेप देतात. त्याचे धुवण तसेच पवनेत गेले, तर जलपर्णी पोसते. उणी द्रव्ये घालून त्याचे स्फटिक केले, तर शेत पोसते. फॉस्फेटचा खडक आपण बव्हंशी परदेशांतून आणतो, व पिकांना स्फुरदावाचून गत्यंतर नाही. ब्रांटने टाकाऊतून प्रकाश काढला. आपणास धान्य काढावयाचे आहे.