गायतोंडेंच्या रोलरची कुळकथा

रोलर हाती घेतला की चित्रातून पहिली जाते ती ब्रशची रेघ, आणि रेघेबरोबर हाताची ऐटही. वासुदेव गायतोंडे यांना नेमकं तेच हवं होतं.

जन्म नागपूरचा, १९२४ सालचा. घराणं गोव्याचं, उमेदीची वर्षं गिरगावातली. १९४८मध्ये जे. जे. कला महाविद्यालयातून पदविका घेतली, तेव्हा त्यांची चित्रं रेघेवरच उभी होती. पुढे पॉल क्लेची चित्रं भेटली आणि रेघ आकृतीपासून सुटली. साठच्या दशकात ब्रश मागे पडून रोलर आणि पॅलेट नाइफ आले. पातळ रंगाचे थर एकावर एक चढवायचे, वाळू द्यायचे, खरवडायचे. फाडलेला वर्तमानपत्राचा कागद ओल्या रंगावर दाबायचा आणि उचलायचा. मागे राहतो तो ठसा लिपीसारखा दिसतो, पण वाचता येत नाही. वर्षाकाठी चित्रं जेमतेम पाच-सहा.

या ठशांचं कूळ लोक सरळ जपानला नेऊन भिडवतात. गायतोंडे झेन वाचत, हे खरं. १९५७मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं बक्षीसही मिळालं. क्योटोत मोरिता शिर्यू, इनोउए युइची वगैरेंनी १९५२मध्येच ‘बोकुजिनकाई’ हा गट काढून सुलेखनाला अक्षराच्या जाचातून सोडवायला घेतलं होतं. पण मला हे सोयरीक जुळवणं घाईचं वाटतं. इनोउए अक्षरापासून निघतो. झाडूएवढा कुंचला अंगाच्या जोराने ओढतो. गायतोंडे रंगापासून निघतात आणि अंग शक्य तेवढं बाजूला ठेवतात.

जपानी सुलेखनाशी खरी गाठ पडते ती नाइलाजाने. १९८४मध्ये गायतोंडेंना अपघात झाला आणि त्यानंतर मोठा कॅनव्हास पेलेना. मग काही वर्षं लहान कागद आणि शाई. या कामांत थर नाहीत, झाकायची सोय नाही. कोऱ्या कागदावर मोजक्या काळ्या खुणा, कुठे जाड, कुठे काटकुळ्या. रोलरने घालवलेला हात इथे परत दिसतो; क्योटोच्या मंडळींनी ही कामं शेजारी बसवून घेतली असती.

तब्येत सावरल्यावर ते कॅनव्हासकडे वळले. १९९५चा असाच एक कॅनव्हास २०१५मध्ये मुंबईच्या लिलावात २९ कोटींवर गेला. शाईच्या कागदांना तो भाव कुठला! लिलाववाल्यांचं सोडा, आपल्याकडच्या चित्रसमीक्षेनेही या कागदांना अपघातानंतरचा विरंगुळा समजून बाजूला ठेवलं, हे मला पटत नाही.