तळटिपेतले दहा दिवस

सुरत–बुऱ्हाणपूर रस्त्यावरचा माझा निबंध मागे मंडळाच्या बैठकीत वाचला होता, तो काहींना आठवत असेल. तेव्हा एक-दोघांनी आग्रह केला की हा एखाद्या संशोधन नियतकालिकाकडे पाठवाच. पाठवला. काही महिन्यांनी परत आला, सोबत चार पानी पत्र. त्यातलं जेमतेम अर्धं पान मजकुराबद्दल होतं, बाकी सगळं तळटिपा आणि संदर्भांबद्दल. आडनाव आधी की नाव आधी, स्वल्पविराम कुठे, पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरात का नाही, आवृत्ती कोणती, पान कोणतं.

खरं सांगतो, राग आला. तीस वर्षं कापड रंगवण्याच्या धंद्यात इंजिनिअर म्हणून घालवल्यावर कुणी स्वल्पविराम शिकवावा हे पटेना. मनात म्हटलं, इतिहास बघा ना, विरामचिन्हं काय बघता? आठवडाभर ते पत्र खणात पडून राहिलं. मग एका रविवारी बसलो आणि एकेक टीप तपासायला घेतली. त्यात जे निघालं ते मंडळापुढे ठेवणं भाग आहे, कारण निबंधातला जो परिच्छेद सगळ्यांना आवडला होता, तोच चुकीचा निघाला.

तो परिच्छेद असा होता. शिवाजी महाराजांची सुरतेवरची दुसरी स्वारी ऑक्टोबर १६७० मधली. एका अलीकडच्या पुस्तकातून मी तारखा घेतल्या: १३ ते १५ ऑक्टोबर. परतीच्या वाटेवर मोगलांशी वणी-दिंडोरीची लढाई झाली, तिची तारीख जदुनाथ सरकारांच्या ग्रंथातून घेतली: १७ ऑक्टोबर. म्हणजे लुटीचं ओझं घेऊन, मुल्हेरवरून, दोन दिवसांत सुरतेहून दिंडोरी! माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. मराठी फौजेच्या वेगावर मी चांगल्या दहा ओळी लिहिल्या, आणि बैठकीत त्या वाचताना आवाजही चढवला होता.

परीक्षकांनी तिथे समासात एवढंच विचारलं होतं: "या दोन तारखा कोणत्या पद्धतीच्या? दोन्हींचे संदर्भ आवृत्ती व पृष्ठासह द्यावेत."

पृष्ठ शोधायला गेलो तेव्हा उजेड पडला. सरकारांच्या तारखा इंग्रजांच्या कागदांप्रमाणे जुन्या पद्धतीच्या, म्हणजे जुलियन. त्यांच्याकडे सुरतेची स्वारी ३ ऑक्टोबरला सुरू होते आणि ५ तारखेला महाराज शहर सोडतात. अलीकडच्या पुस्तकाने त्याच तारखा नव्या, ग्रेगोरियन पद्धतीत बदलून दिलेल्या. सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचं अंतर आहे. मी एक टोक एका मापाने धरलं आणि दुसरं टोक दुसऱ्याने. दोन दिवस नव्हे, बारा दिवस. दहा ओळी खोडल्या.

दोष त्या पुस्तकाचा नाही. त्यात पद्धत स्पष्ट दिली होती, मी टीप करताना ती गाळली होती.

हा घोटाळा सुरतेच्या अभ्यासात पावलोपावली भेटतो, कारण एकाच शहरात दोन वखारी दोन कॅलेंडरं चालवत होत्या. डच कंपनीचे लोक नवी पद्धत वापरत, इंग्रज जुनी. त्यात इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, ते थेट १७५२ पर्यंत. पहिल्या स्वारीनंतर इंग्रज वखारीचा पाद्री एस्कॅलिओ याने नॉरिचच्या सर थॉमस ब्राउन यांना पत्र लिहिलं, त्यावर तारीख २६ जानेवारी १६६३/४. त्यातला '/४' अनावश्यक समजून कुणी संदर्भात नुसतं १६६३ लिहिलं, तर पत्र स्वारीच्या वर्षभर आधीचं ठरतं!

गिरणीत काम केलेल्याला हे समजायला जड नाही. रात्रपाळी संध्याकाळी आठला लागते. रात्री दोनला जेट मशीनमधून उतरलेल्या लॉटच्या कार्डावर आदल्या दिवसाचीच तारीख पडते, कारण पाळी तेव्हा सुरू झाली. पुढे पार्टीने शेड जुळत नाही म्हणून ताका परत पाठवला, की कार्डावर तारखेसोबत पाळी लिहिली असेल तरच लॉट सापडतो. नसेल तर दोन दिवसांची कार्डं उपसत बसा.

आता मी पत्रावरची तारीख जशीच्या तशी लिहितो आणि पुढे चौकटी कंसात बदललेली: २६ जानेवारी १६६३/४ [नवी पद्धत ५ फेब्रुवारी १६६४]. शिवाय वार मिळाला तर तो सोडत नाही. पहिल्या स्वारीत महाराज बुधवारी, ६ जानेवारीला, सुरतेच्या बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत उतरले असं इंग्रजी कागदांवरून दिसतं. नव्या पद्धतीने गणित केलं तर ६ जानेवारी १६६४ ला रविवार येतो आणि १६ ला बुधवार. म्हणजे मूळ तारीख जुन्या पद्धतीचीच. वार हा फुकटचा साक्षीदार आहे. (जाता जाता: राज्याभिषेकाची आपली ६ जून १६७४ हीसुद्धा जुन्याच पद्धतीची. तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६.)

दुसरी चूक मात्र अज्ञानाची नव्हती, आळसाची होती, आणि ती सांगायला जास्त जड जाते. १६७० च्या स्वारीसाठी मी विल्यम फॉस्टर यांच्या 'इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया' या मालिकेचा हवाला दिला होता, पानाशिवाय. कुणाच्या तरी तळटिपेतून उचललेला. संपादकांनी पान मागितलं. फॉस्टर यांची मालिका १६६९ ला संपते! पहिली स्वारी त्यांच्या १६६१–६४ च्या खंडात आहे, दुसरीसाठी चार्ल्स फॉसेट यांनी पुढे चालवलेल्या मालिकेकडे जावं लागतं. नसलेल्या पानाचा हवाला मी दिला होता, आणि माझ्या टिपेवरून आणखी कुणी तो पुढे नेला असता.

मराठी साधनांच्या बाबतीत मात्र संपादकांशी थोडा वाद घातला, आणि तो घालायला हवाच होता. त्यांच्या साच्यात लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष, पान एवढ्याच जागा. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड, पहिला १८९८ चा. त्यातलं पत्र शोधायचं ते लेखांकाने. पान आवृत्तीबरोबर बदलेल, लेखांक बदलत नाही. सरदेसायांनी संपादलेल्या पेशवे दफ्तराच्या पंचेचाळीस खंडांचंही तेच, वर त्यांचं मालिकेचं नाव इंग्रजी आणि आतली पत्रं मराठी. आणि लेखक म्हणून राजवाडे लिहायचं की ज्याने पत्र पाठवलं तो कारकून? शेवटी ठरलं: आधी पत्राचा लेखक, कुणाला लिहिलं आणि मिती, मग संपादक, खंड, लेखांक. पान जमलं तर.

नावांची तऱ्हा वेगळीच. माझ्या हस्तलिखितात वि. का. राजवाडे, विश्वनाथ काशीनाथ राजवाडे आणि व्ही. के. राजवाडे असे तीन गृहस्थ वावरत होते. यादी वर्णानुक्रमे लावल्यावर तिघंही वेगवेगळे उभे राहिले. कृष्णाजी अनंत सभासद यांना 'स' खाली घातलं, पण 'सभासद' हे काही आपल्या अर्थाचं आडनाव नव्हे. वाचक तिथेच शोधणार, म्हणून ठेवलं. 'तत्रैव' आणि 'कित्ता' सगळे काढून टाकले. मधे एक टीप घुसवली की 'कित्ता' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवायला लागतो. त्याऐवजी आडनाव, छोटं नाव आणि लेखांक.

एकूण एकाहत्तर टिपा होत्या. अकरा गेल्या, कारण मूळ पान माझ्या डोळ्यांखालून गेलेलंच नव्हतं. त्यांतल्या चार नंतर पान पाहून परत घेतल्या.

निबंध पुन्हा पाठवला. या खेपेला उत्तर लवकर आलं आणि शेरा एकच होता: पहिल्या पानावर 'कडोदरा'चं इंग्रजी स्पेलिंग एक आहे, शेवटी पत्त्यात दुसरं, कृपया एकच ठेवावं. चार रस्त्यावर जाऊन पाट्या बघितल्या. तिथे दोन्ही आहेत.