संघ पोसणारे शहर : सिॲटलची हकीकत

एखाद्या शहरास नवा व्यावसायिक क्रीडासंघ पोसवेल काय, असा प्रश्न निघाला की जाणते लोक प्रथम शिरगणतीचे कोष्टक पुढे ओढतात. वस्ती इतकी, दरडोई उत्पन्न इतके, क्रीडागृहातील खुर्च्या इतक्या. त्रैराशिक मांडले की उत्तर हाती आले. ही रीत अगदीच टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण इतिहासाने तिला वारंवार तोंडघशी पाडले आहे. २०२० च्या शिरगणतीत अमेरिकेच्या वायव्य टोकावरील सिॲटल महानगर प्रदेशात चाळीस लाख माणसे मोजली गेली आणि ओक्लाहोमा सिटीच्या प्रदेशात चौदा लाख. असे असता सिॲटलचा एकेचाळीस हंगामांचा जुना बास्केटबॉल संघ २००८ साली ओक्लाहोमा सिटीने नेला. त्रैराशिकाने याचा उलगडा होत नाही. तो कशाने होतो, हे पाहण्यासाठी जरा मागे गेले पाहिजे.

बास्केटबॉल हा मुळात पैशाचा खेळ नव्हे. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणशाळेत जेम्स नायस्मिथ या व्यायामशिक्षकाने, हिवाळ्यात बाहेर पडता न येणाऱ्या तरुणांच्या हातापायांना काही उद्योग हवा म्हणून, पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकून तो सुरू केला. वाय. एम. सी. ए. च्याच वाटेने तो आपल्याकडेही आला आणि मुंबईत नागपाड्याच्या मैदानावर असा रुजला की तेथील मुलांना तो परका वाटत नाही. पैसे घेऊन खेळणाऱ्यांची लीग मात्र निराळ्या पोटी जन्मली. १९४६ साली ती काढणारे बहुतेक गृहस्थ मोठमोठ्या शहरांतील क्रीडागृहांचे मालक होते. त्यांच्या सभागृहांत बर्फावरची हॉकी चाले. पण हॉकी नसलेल्या रात्री इमारत रिकामी राही आणि खर्च चालूच राही. म्हणजे येथे मांडव आधी उभा होता आणि तो ओस पडू नये म्हणून नवरदेव शोधला गेला. श्रोत्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी कथा मांडवाचीच आहे.

१९४९ साली ही लीग आणि मध्यपश्चिमेतील कारखानदारी गावांची जुनी लीग एक झाल्या आणि आजची एन. बी. ए. तयार झाली. त्या पहिल्या हंगामात सतरा संघ होते. शेबॉयगन, वॉटर्लू, अँडरसन अशी गावे न्यूयॉर्क-बॉस्टनच्या पंक्तीला बसली होती. शेबॉयगनची वस्ती तेव्हा बेचाळीस हजार! वर्षभरातच ही तिन्ही गावे पंक्तीतून उठली. फोर्ट वेनचे फ्रेड झोलनर हे इंजिनांचे पिस्टन बनविणारे कारखानदार. संघाचे नावही पिस्टन्सच. १९५७ साली त्यांनी संघ मोटारींच्या राजधानीत, डेट्रॉइटला नेला आणि नाव तेथे अधिकच शोभले. सिराक्यूजचे मालक डॅनी बियासोन यांची गोष्ट आम्हांस अधिक चटका लावणारी वाटते. चेंडू हाती आल्यावर चोवीस सेकंदांत टोपलीकडे फेकलाच पाहिजे, हा नियम १९५४ साली त्यांच्याच आग्रहाने आला आणि रेंगाळणारा खेळ जिवंत झाला. पुढच्याच वर्षी त्यांच्या संघाने अजिंक्यपद जिंकले. पण खेळ वाचविणाऱ्या या गृहस्थाला आपल्या गावचा संघ वाचविता आला नाही. १९६३ साली तो फिलाडेल्फियाला गेला.

येथवर त्रैराशिकवाल्यांचेच खरे ठरते. लहान गावांना झेपले नाही, मोठ्यांना झेपले. पण मिनिआपोलिसचे काय? तेथील लेकर्स संघाने १९४९ ते १९५४ या सहा वर्षांत पाच अजिंक्यपदे मिळविली, तरी पुढे प्रेक्षक आटले आणि १९६० साली संघ लॉस एंजेलिसला गेला. तळ्यांच्या प्रदेशावरून पडलेले नाव तळी नसलेल्या गावात आजही नांदते आहे. मिनिआपोलिसला संघ पोसवत नाही असा निवाडा त्या वेळी झाला. एकोणतीस वर्षांनी तेथे नवा संघ आला आणि १९८९-९० च्या पहिल्याच हंगामात त्याला दहा लाखांहून अधिक प्रेक्षक मिळाले. इतके प्रेक्षक त्या लीगमध्ये एका हंगामात तोवर कोणासही मिळाले नव्हते, आणि हा संघ तर हरणारा होता! शहर तेच, हिवाळा तोच. मग पोसवणे-न पोसवणे हा गुण शहराच्या अंगचा कसा म्हणावा?

आता सिॲटलकडे वळू. १९६७ साली साडेसतरा लाख डॉलर भरून दोन कॅलिफोर्नियावासी भांडवलदारांनी या शहरासाठी नवा संघ घेतला. मोठ्या लीगमधला हा सिॲटलचा पहिलाच संघ. बोइंग कंपनी हा त्या काळी गावाचा अन्नदाता, आणि आवाजाहून वेगाने जाणारे प्रवासी विमान बांधण्याचे सरकारी काम तिला नुकतेच मिळालेले. तेव्हा संघाचे नाव ठेवले सुपरसॉनिक्स. ते विमान कधी उडालेच नाही. १९७१ च्या मार्चमध्ये अमेरिकन काँग्रेसने त्याचा पैसा तोडला. तोवर बोइंगच्या स्थानिक नोकऱ्या एक लाखाच्या घरातून चाळीस हजारांच्या खाली आल्या होत्या. शेवटी गाव सोडील त्याने दिवे मालवून जावे, अशा अर्थाचा फलक दोघा घरदलालांनी थट्टेने विमानतळाजवळ लावला होता. याच सुमारास बेसबॉलचा नवा पायलट्स संघ १९६९ चा एकच हंगाम खेळून दिवाळखोरीत निघाला आणि मिलवॉकीला गेला.

सुपरसॉनिक्स मात्र टिकले. गावात इतके दैन्य असता संघ टिकतो आणि पुढे गाव गबर झाले असता तोच संघ जातो, ही या हकीकतीतील खरी मेख आहे. १९७९ च्या जूनमध्ये लेनी विल्कन्स यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने वॉशिंग्टनला हरवून अजिंक्यपद आणले. सामने किंगडोम नावाच्या काँक्रीटच्या अवाढव्य घुमटाखाली होत. १९७९-८० च्या हंगामात दर सामन्यास सरासरी एकवीस हजारांवर माणसे येत. पोसण्याचा अर्थ खुर्च्या भरणे एवढाच असेल, तर सिॲटलने आपली परीक्षा तेव्हाच दिली होती.

पण १९८० नंतर हिशेबच बदलला. क्रीडागृहाची किंमत खुर्च्यांच्या संख्येवरून नव्हे, तर कोणत्या खुर्च्या त्यावरून ठरू लागली. कंपन्यांनी पाहुण्यांसाठी वर्षभराच्या कराराने घ्यायच्या सुखसोयींच्या बंद खोल्या, उपाहारगृहे, जाहिरातींच्या पाट्या, वाहनतळ, यांचे उत्पन्न महत्त्वाचे झाले, आणि ते घरमालकाचे की भाडेकरूचे, यावर नफातोटा ठरू लागला. सुपरसॉनिक्स १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या जुन्या कोलिझियममध्ये परतले होते. १९८६ च्या जानेवारीत त्याचे छप्पर गळून चालू सामना पावसामुळे थांबवावा लागला. छपराखाली खेळल्या जाणाऱ्या खेळाच्या त्या लीगमध्ये असे पूर्वी कधी घडले नव्हते; आणि घडावयाचे ते पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या गावातच घडले! शेवटी नगरपालिकेने सुमारे साडेसात कोट डॉलर खर्चून, छप्पर तसेच ठेवून, आतील इमारत नवी केली. १९९५ साली ती उघडली आणि १९९६ साली संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. तथापि पाच-सहा वर्षांतच ही वास्तू लहान व जुनाट झाल्याचा सूर निघाला. तिचे छप्पर गळत नव्हते. जुनी झाली होती ती तिची मिळकतीची मांडणी. इतर शहरांत अधिक मोठी, अधिक खोल्यांची गृहे लोकांच्या पैशाने उठत होती, आणि त्यांच्या तुलनेत सिॲटलचे भाडेकरू स्वतःस दरिद्री समजू लागले होते.

इकडे करदात्याच्या मनात काय साचत होते तेही पाहिले पाहिजे. १९९५ साली बेसबॉलच्या मैदानासाठीचा कर मतदारांनी थोड्या मतांनी नाकारला. महिनाभरात राज्य विधिमंडळाने दुसऱ्या वाटेने तो पैसा दिलाच. १९९७ साली फुटबॉलच्या मैदानास राज्यभरच्या मतदानात निसटता कौल मिळाला. त्यासाठी २००० च्या मार्चमध्ये किंगडोम सुरुंग लावून पाडण्यात आला. वय अवघे चोवीस वर्षे. आणि त्याचे कर्ज? ते फिटले २०१५ साली. नसलेल्या घुमटाचे हप्ते लोक पंधरा वर्षे भरीत होते. अशा गावात तिसऱ्या मालकाने हात पसरला, तर त्याला काय उत्तर मिळणार?

ते उत्तर २००६ साली मिळाले. त्या वेळचे मालक स्टारबक्स कॉफीचे हॉवर्ड शुल्ट्झ आणि त्यांचे भागीदार होते. २००१ साली वीस कोट डॉलरांस घेतलेला संघ चालविणे कठीण जाते, तरी इमारतीच्या नूतनीकरणास सरकारी पैसा मिळावा, ही त्यांची मागणी विधिमंडळाने मानली नाही. जुलैत त्यांनी संघ पस्तीस कोट डॉलरांस ओक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट यांच्या मंडळीस विकला. नोव्हेंबरात नगरवासीयांपुढे एक प्रस्ताव आला : क्रीडासंघांना सरकारी पैसा द्यावयाचा तर नगरीला त्यावर रास्त परतावा मिळालाच पाहिजे. तो मांडणाऱ्या मंडळाचे नावच ‘अधिक महत्त्वाच्या गोष्टींसाठी नागरिक’ असे होते. शेकडा ७४ मते प्रस्तावाच्या बाजूने पडली. बेनेट यांनी जवळच्या रेंटन गावी पन्नास कोटींचे क्रीडागृह सुचविले, त्यालाही विधिमंडळाने हात दिला नाही. २००७ साली त्यांच्या एका भागीदाराने, आम्ही हा संघ सिॲटलमध्ये ठेवण्यासाठी घेतलाच नव्हता, असे वृत्तपत्रापाशी बोलून दाखविले आणि लीगने त्याला अडीच लाख डॉलर दंड केला. दंड खरे बोलल्याबद्दल की भलत्या वेळी बोलल्याबद्दल, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

ओक्लाहोमा सिटीने नेमके उलट केले होते. संघाचा पत्ता नसताना, १९९३ साली मतदारांनी मान्य केलेल्या विक्रीकरातून तिने क्रीडागृह बांधून २००२ साली तयार ठेवले. येथेही मांडव आधी! कॅट्रिना वादळाने न्यू ऑर्लिन्सचा संघ बेघर झाला तेव्हा तो २००५ पासून दोन हंगाम तेथे राहिला आणि अठरा हजारांच्या आसपास लोक दर सामन्याला आले. २००८ च्या मार्चमध्ये, सिॲटलचा संघ येण्याची चिन्हे दिसताच, याच मतदारांनी इमारतीच्या सुधारणेसाठी पुन्हा एक सेंटचा कर स्वतःवर बसवून घेतला.

सिॲटल नगरपालिकेने भाडेपट्टा २०१० पर्यंतचा आहे, तो पाळा, म्हणून दावा लावला. त्या दाव्यातील एक युक्तिवाद आम्हांस फार बोलका वाटतो. क्रीडागृहासाठी पैसा मागताना सर्वत्र सांगितले जाते की संघामुळे गावाचा व्यापार वाढतो. येथे गाव सोडताना मालकांच्या वकिलांनी सांगितले की संघ गेल्याने गावाचे आर्थिक नुकसान होणार नाही. करमणुकीवरचा पैसा लोक दुसऱ्या करमणुकीवर खर्चतील. अर्थशास्त्रज्ञ हेच कित्येक दशके सांगत आले आहेत. २ जुलै २००८ रोजी तडजोड झाली : साडेचार कोट डॉलर नगरपालिकेला, संघ ओक्लाहोमाला, आणि सुपरसॉनिक्स हे नाव व रंग सिॲटलसाठी राखून.

अखेरच्या हंगामात ८२ पैकी २० सामने जिंकलेल्या संघाला तेरा हजारांच्या आसपास प्रेक्षक येत होते. जाणार हे ठरल्यासारखे असलेल्या, हरणाऱ्या संघासाठी एवढी माणसे येतात, तेथे पोसवले नाही असे कसे म्हणावे? शिवाय बास्केटबॉल सिॲटलमधून गेले हेही अर्धेच खरे. त्याच मालकांकडे असलेला स्त्रियांचा स्टॉर्म संघ २००८ साली गावातील चार स्त्रियांनी मिळून एक कोट डॉलरांस घेतला आणि गावातच ठेवला. त्याने २०१०, २०१८ आणि २०२० साली अजिंक्यपद मिळविले. शहर संघ गमावते ते प्रेमाच्या अभावी नव्हे, तर अटींवर. आणि अटी नाकारणारे सिॲटलचे मतदार कंजूष होते असे आम्हांस वाटत नाही, तसे त्या स्वीकारणारे ओक्लाहोमाचे मतदार भोळे होते असेही वाटत नाही. ज्या गावाला देशाच्या नकाशावर आपले नाव वाचायचे होते त्याने त्याची किंमत मोजली. २०२३ च्या डिसेंबरात त्याने निदान नव्वद कोट डॉलरांच्या नव्या क्रीडागृहाला शेकडा ७१ मतांनी मान्यता दिली, आणि २०२५ साली अजिंक्यपदही घरी आणले.

सिॲटलने २०१३ साली सॅक्रामेंटोचा संघ आणण्याचा यत्न केला. लीगच्या मालकांनी तो २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळला, कारण सॅक्रामेंटोच्या नगरपालिकेने नव्या इमारतीत आपला वाटा घालण्याचे कबूल केले होते. दुसऱ्याचे हरवलेले आपल्याला सापडावे, ही इच्छा त्या प्रसंगी सिॲटलकरांनाही झाली होती, हे नमूद केले पाहिजे. पुढे खाजगी भांडवलाने तेच जुने गृह पुन्हा बांधले. १९६२ चे चार कोट चाळीस लाख पौंड वजनाचे छप्पर अधांतरी तोलून खालची जमीन खणली, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात ते खुले झाले. मांडव पुन्हा एकदा उभा आहे, आणि या वेळी त्याचा मोठा भार करदात्यावर नाही.

मग नवा संघ तेथे पोसवेल काय? खुर्च्या भरतील, यात आम्हांस शंका नाही. पण १९६७ साली साडेसतरा लाखांना मिळालेल्या जागेचे मोल आता निराळे आहे. बॉस्टनचा संघ २०२५ साली सहाशे कोट डॉलरांहून अधिक किमतीला विकला गेला. मालकाने संघासाठी एवढी रक्कम ओतली आणि इमारतीच्या मालकानेही आपली वसुली करावयाची ठरविली, की ती कराच्या पावतीवर नव्हे तर तिकिटावर येते. किंगडोमच्या वरच्या रांगांत बसून अगदी लहान दिसणारा खेळ पाहणारा १९७९ चा बोइंगचा कामगार त्या तिकिटाच्या खिडकीशी आज उभा राहू शकेल की नाही, याचे उत्तर शिरगणतीच्या कोष्टकात नाही.