फिरत्या विक्रेत्याची टिपणवही

पोटासाठी गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला पोटाचीच काळजी सर्वांत अधिक. घरच्या पाटावर बसताना जी शंका मनाला शिवत नाही, ती परगावी पहिला घास उचलताना हटकून येते. अमेरिकेत १९२० नंतर मोटारीचे रस्ते वाढले आणि व्यापारी पेढ्यांचे फिरते विक्रेते आगगाडी सोडून मोटारीने हिंडू लागले, तेव्हा या शंकेला कारणही तसेच होते. रस्त्याकडेच्या उपाहारगृहांवर देखरेख तुटपुंजी. गिऱ्हाईक एकदाच येणारे. शिळे वाढले तरी विचारणार कोण?

शिकागोत राहून छापील मालाची विक्री करणारा डंकन हाइन्स हा अशा प्रवाशांपैकीच एक. त्याचा जन्म १८८० साली केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन या गावी झाला. आई लवकर वारली आणि आजीने त्याला वाढविले. चांगल्या स्वयंपाकाची पारख त्याला लागली ती आजीच्याच घरी. पुढे धंद्यानिमित्त तो जेथे जेथे गेला, तेथे चांगले अन्न कोठे मिळाले ते एका लहानशा वहीत टिपून ठेवू लागला. सुटीच्या दिवशीही तो व पत्नी फ्लॉरेन्स नवी उपाहारगृहे शोधीत मोटारीने फिरत. त्याची परीक्षेची रीत मोठी मार्मिक होती. दर्शनी दालनाच्या शोभेवर तो भुलत नसे. आधी स्वयंपाकघर पाही. मागल्या दाराशी केरकचरा कसा ठेवला आहे, एवढ्यावरून त्याला मालकाची ओळख पटे. आपल्याकडील कोणतीही सुगरण हीच कसोटी लावील!

त्याच्या वहीची कीर्ती हळूहळू पसरली आणि ओळखीचे व अनोळखी लोक पत्ते विचारून त्याला भंडावू लागले. अखेर १९३५ च्या नाताळात त्याने शुभेच्छापत्राबरोबर १६७ उपाहारगृहांची यादीच छापून स्नेह्यांकडे धाडली. झाले उलटेच! मागणी थांबण्याऐवजी वाढली. १९३६ साली यादीचे पुस्तक झाले. पहिल्या वर्षी त्यात तोटाच आला. परंतु उपाहारगृहांच्या जाहिराती त्याने पुस्तकात घेतल्या नाहीत. पुढे शिफारस मिळालेल्या ठिकाणी त्याच्या नावाच्या पाट्या लागू लागल्या. या पाट्या तो भाड्याने देई, तेव्हा तो अगदीच निःस्पृह होता असे म्हणता येणार नाही. तथापि वाचकांचा विश्वास त्याने कमावला होता, हे खरे. केंटकीतील कॉर्बिन गावी हारलंड सँडर्स नावाचा एक गृहस्थ प्रवाशांसाठी उपाहारगृह चालवीत असे. १९३९ च्या आवृत्तीत त्याचे नाव आले. त्याची तळलेली कोंबडी पुढे जगभर गेली.

परंतु हाइन्सचे पुस्तक ज्या प्रश्नाचे उत्तर देत होते, त्याच्या आधीचा एक प्रश्न लक्षावधी प्रवाशांपुढे होता. अन्न चांगले आहे काय, हा नव्हे. आपणांस आत बसू देतील काय, हा! दक्षिणेकडील राज्यांत कायद्याने आणि अन्यत्र रूढीने कृष्णवर्णीय प्रवाशास पुष्कळ उपाहारगृहांची दारे बंद होती. आगगाडीच्या स्थानकावर धर्म पाहून पाणी दिले जाण्याचा काळ आणि जात विचारून पंगत मांडणाऱ्या खानावळी ज्यांच्या ऐकिवात आहेत, त्यांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही. पैसे खिशात असूनही असा प्रवासी शिदोरी बांधून निघे. रात्री मुक्कामाला जागा न मिळाली तर मोटारीतच झोपे.

योगायोग असा की, त्याच १९३६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाल्याने दुसरे एक पुस्तक काढले. आरंभी ते न्यूयॉर्कच्या परिसरापुरतेच होते. मग त्याचा विस्तार देशभर झाला. पत्ते जमविण्याच्या कामी टपालखात्यातील सहकारी ग्रीनच्या उपयोगी पडले. कोणत्या गल्लीत कोणाचे दार उघडे आहे, हे टपालवाल्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? उपाहारगृहे, मद्यगृहे, केशकर्तनालये, मोटारदुरुस्तीची ठिकाणे आणि जेथे घरातीलच एखादी खोली प्रवाशाला मिळे अशी खाजगी घरे, या सर्वांची नोंद त्यात असे. एस्सो कंपनीच्या पेट्रोलपंपांवरही ते मिळे. येथे चवीची चिकित्सा मागे पडली होती; नुसत्या पत्त्यालाच मोल होते.

दोन्ही पुस्तके वर्षानुवर्षे नव्याने निघत राहिली. हाइन्सचे नाव १९५० च्या सुमारास डबाबंद व पुडीबंद खाद्यपदार्थांवर झळकू लागले. तो १९५९ साली वारला आणि १९६२ मध्ये त्याची मार्गदर्शक पुस्तके बंद झाली. ग्रीनने मात्र आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले होते की, एक दिवस या पुस्तकाची गरजच उरणार नाही आणि ते बंद करताना आम्हांस आनंद होईल. तो १९६० साली निवर्तला. नंतर त्याची पत्नी आल्मा हिने काम पाहिले. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि वर्णावरून गिऱ्हाइकाला दारातून परत पाठविणे बेकायदा ठरले. १९६६-६७ च्या आवृत्तीनंतर ग्रीनचे पुस्तक पुन्हा छापले गेले नाही.