निरोपाचा करारनामा

फुगवलेले केस, रंगवलेले चेहरे आणि कानठळ्या बसविणारी गिटार असा थाट घेऊन १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये 'मॉटली क्रू' हा चौघांचा संच उभा राहिला. १९८९ मध्ये 'डॉक्टर फीलगुड' या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेने अमेरिकेत खपाचा पहिला क्रमांक गाठला. पुढे लोकांची आवड पालटली, घरातही भांडणे झाली. १९९२ मध्ये गायक व्हिन्स नील बाहेर पडला व १९९७ मध्ये परतला. १९९९ मध्ये ड्रमवादक टॉमी ली गेला. २००५ च्या दौऱ्यात मूळचे चौघे पुन्हा एकत्र दिसले.

मग २०१४ मध्ये या मंडळींनी अजबच केले. २०१५ नंतर दौरा काढायचा नाही, अशा करारावर चौघांनी सह्या केल्या! ३१ डिसेंबर २०१५ रोजी लॉस एंजेलिसलाच निरोपाचा खेळ झाला. चारच वर्षांत करार मोडला आणि २०२२ साली पुन्हा मैदाने भरली. त्याच वर्षी गिटारवादक मिक मार्स, कण्याच्या जुन्या दुखण्याने प्रवास झेपेना म्हणून, दौऱ्यांतून निवृत्त झाला. त्याच्या जागी दुसरा आला. २०२३ मध्ये हक्कांचा वाद कोर्टात गेला.

टाळ्यांची सवय कागदाला जुमानत नाही. शरीरापुढे मात्र तिचे काही चालत नाही, हेच खरे.